उसाला युरिया किती? आलेखाचे शिखर काढून पाहा

माळेगाव बुद्रुक आणि नीरा डाव्या कालव्याखालील इतर गावांत सुरू उसाच्या बांधणीची वेळ आली, की बांधावर एक प्रश्न हमखास निघतो : आणखी एक गोणी युरिया टाकला तर टनेज वाढेल का? शेजाऱ्याने पाच गोण्या टाकल्या म्हणून आपण सात टाकायच्या, असे अनेक ठिकाणी चालते. या प्रश्नाचे उत्तर दहावीच्या गणितातील वर्गसमीकरणात मिळते. घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना आलेख कागद घेऊन शेजारी बसवावे.

नत्र मुळीच न दिलेल्या उसालाही जमिनीतील नत्रावर काही उत्पादन येतेच. खत देऊ लागलो की पहिल्या काही किलोंना पीक चांगला प्रतिसाद देते. पुढे प्रत्येक किलोमागे मिळणारी वाढ कमी होत जाते आणि एका मर्यादेनंतर उत्पादन उलट घटते. जादा नत्राने ऊस लुसलुशीत वाढतो, लोळतो, पक्वता लांबते आणि साखर उतारा घसरतो, किडीही वाढतात. ही चढण आणि उतरण कागदावर मांडली की उलट्या टोपलीसारखी वक्र रेषा मिळते. गणितात तिला अन्वस्त म्हणतात.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून धरलेले आहेत, ते कोणा एकाच्या शेतातील नाहीत. एकरी नत्र क्ष किलो आणि एकरी ऊस य टन मानू.

य = २० + ०.३२ क्ष − ०.००१६ क्ष²

आडव्या अक्षावर नत्र आणि उभ्या अक्षावर ऊस घ्यावा. प्रथम क्ष = ० ठेवा; य = २० येते. वक्र रेषा उभ्या अक्षाला २० वर छेदते, म्हणजे बिनखताचा ऊस २० टन. हा पहिला बिंदू.

आता रेषा आडव्या अक्षाला कोठे छेदते ते पाहू. त्यासाठी य = ० ठेवून सर्व पदांना −०.००१६ ने भागावे.

क्ष² − २०० क्ष − १२५०० = ०

याचे अवयव (क्ष − २५०)(क्ष + ५०) = ० असे पडतात. म्हणून छेदनबिंदू दोन : २५० आणि −५०.

अन्वस्त दोन्ही बाजूंना सारखे असते, त्यामुळे शिरोबिंदू या दोन छेदनबिंदूंच्या बरोबर मध्यावर येतो. २५० आणि −५० यांची बेरीज २००, तिची निम्मी १००. अवयव पडत नसतील तर दुसरी वाट आहे : क्ष च्या सहगुणकाला क्ष² च्या सहगुणकाच्या दुपटीने भागावे व चिन्ह बदलावे. येथे ०.३२ ÷ ०.००३२ = १००, तेच उत्तर. क्ष = १०० ठेवल्यास य = २० + ३२ − १६ = ३६ टन. हे झाले शिखर.

आणखी काही बिंदू घेऊन रेषा पुरी करावी. २५ किलोला २७ टन, ५० ला ३२, ७५ ला ३५, १०० ला ३६, १२५ ला पुन्हा ३५ आणि १५० ला ३२. पहिल्या २५ किलोंनी ७ टन दिले, चौथ्या २५ किलोंनी केवळ १ टन आणि पाचव्या २५ किलोंनी १ टन काढून घेतला. २५ किलो नत्र म्हणजे सुमारे ५४ किलो युरिया, सव्वा गोणीच्या आसपास. गोणीचे पैसे गेले ते वेगळेच.

छेदनबिंदूंचा अर्थ मात्र जपून लावावा. उणे ५० किलो खत कोणी टाकत नाही. तसेच २५० किलो नत्र दिल्यास ऊस शून्य टन येईल, असेही प्रत्यक्षात घडत नाही. असे समीकरण ज्या मात्रांच्या प्रयोगावरून बसवले असेल, तेवढ्याच पट्ट्यात ते खरे असते. हे दोन बिंदू शिरोबिंदू शोधण्यासाठी आणि वक्र रेषेचा आकार ठरवण्यासाठी उपयोगी पडतात, एवढेच.

शिखरावरचा डोस आणि सर्वांत फायद्याचा डोस एकच असतो का? नसतो. ४५ किलोच्या युरिया गोणीत २०.७ किलो नत्र असते. गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली तर नत्राचा किलो सुमारे १३ रुपयांना पडतो. ऊस टनाला ३,००० रुपये धरल्यास नत्राच्या शेवटच्या किलोने किमान साडेचार किलोच्या आसपास ऊस द्यायला हवा. आपल्या समीकरणात हा बिंदू ९८.६ किलोला येतो, म्हणजे शिखराच्या अगदी जवळ. युरिया स्वस्त असल्याने चूक खिशाला लगेच जाणवत नाही, आणि हात सैल सुटण्याचे खरे कारण हेच आहे असे आम्हास वाटते.

आपल्या शेताचे शिखर काढायचे असेल तर एकसारख्या जमिनीत तीन पट्टे आखावेत आणि एकरी ६०, १०० व १४० किलो नत्र द्यावे. बाकी खते, पाणी, बेणे सर्व सारखे ठेवावे. तोडणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक गुंठा मोजून ऊस वजन करावा. कडेच्या सऱ्या सोडाव्यात. गुंठ्यातील किलोंना ४० ने गुणले की एकरी उत्पादन मिळते. ९०० किलो म्हणजे ३६ टन.

समजा अनुक्रमे ३३, ३६ आणि ३४ टन मिळाले. मधल्या उत्पादनाच्या दुपटीतून दोन्ही टोकांची बेरीज वजा करा : ७२ − ६७ = ५. तिसऱ्यातून पहिले वजा करा : १. आता मात्रांतील अंतर ४० ला या १ ने गुणून ५ च्या दुपटीने भागा, ४ येतात. मधल्या १०० मध्ये ते मिळवा. शिखर १०४ किलोला. पहिल्या वजाबाकीत शून्य किंवा उणे संख्या आली तर या तीन आकड्यांवरून शिखर काढता येत नाही, तेथे थांबावे. एका हंगामावर विसंबू नये. पट्टे दोन-तीन ठिकाणी आणि निदान दोन वर्षे घ्यावेत. पाणी साचणाऱ्या किंवा क्षारपड तुकड्यात हा प्रयोग करू नये. तेथे ऊस खुंटण्याचे कारण निचरा असतो, आणि नत्र वाढवून तो सुधारत नाही.

सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश, म्हणजे एकरी नत्र १०० किलो आणि इतर दोन्ही ४६ किलो अशी आहे. को ८६०३२ ही जात खताला जादा प्रतिसाद देते, म्हणून तिला २५ टक्के जादा मात्रा सांगितली जाते. म्हणजे जात बदलली की शिखरही सरकते. आपल्या प्रयोगाची सुरुवात या मात्रेभोवती आणि माती परीक्षण करूनच करावी. एकरी १०० किलो नत्र लागणीला १०, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि बांधणीला ४० किलो असे विभागून द्यावे. युरियात हे अनुक्रमे २२, ८७, २२ आणि ८७ किलो होतात. लागणीला डीएपी किंवा १०:२६:२६ वापरले असेल तर त्यातील नत्र या हिशेबातून वजा करावे.