नवा मासा टाकीत सोडण्याआधी



मी मुंबईच्या उपनगरात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज मी माशांबद्दल बोलणार आहे, पण कालवणातल्या नव्हे. काचेच्या टाकीतल्या, शोभेच्या माशांबद्दल. तुमच्यापैकी काही गटांनी गप्पी, मोली, गोल्डफिश वाढवून विकायला सुरुवात केली आहे. उद्या एखादं गिऱ्हाईक तुम्हाला विचारेल, “समुद्रातला एंजल मिळेल का? आमच्या टाकीत राहील का?” तेव्हा काय सांगायचं, ते आज बघू. आम्ही ते आधी समजून घेतलं नाही, आणि साडेतीन हजार रुपये घालवून बसलो.

झालं असं. आमच्या अंधेरीच्या गटातल्या पाच जणी घरोघरच्या आणि दवाखान्यांतल्या माशांच्या टाक्या साफ करायचं काम घेतात. एका घरी दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात एक फ्लेम एंजल वर्षभर सुखाने राहत होता. तांबडाभडक रंग, अंगावर काळ्या उभ्या रेघा. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “बिचारा एकटा आहे, त्याला जोडीदार आणा.” आम्ही गटाच्या बैठकीत ठरवलं, आणि आमच्यातली एक ताई जाऊन तस्साच दुसरा मासा घेऊन आली. दुकानदाराने तिला सांगितलं होतं, “एकाच जातीचे आहेत, राहतील.”

शुक्रवारी संध्याकाळी मासा सोडला. शनिवारी त्याची शेपटी फाटलेली होती. रविवारी तो पंपाच्या मागे लपून बसला, खायलाही बाहेर येईना. सोमवारी मेला. वहिनींनी पैसे द्यायला नकार दिला, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

आता एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण नावामुळे गोंधळ होतो. आपल्या सिमेंटच्या टाकीत वाढतो तो त्रिकोणी, लांब पंखांचा एंजल गोड्या पाण्यातला. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. मी ज्याच्याबद्दल बोलते आहे तो समुद्रातला, प्रवाळाच्या खडकांत राहणारा. दोघांचं कुळ वेगळं, पाणी वेगळं. एकाला दुसऱ्याच्या पाण्यात सोडलं तर तो मरतो.

समुद्री एंजलमध्येही मोठे आणि बुटके असे प्रकार आहेत. मोठे हातभर वाढतात. बुटके, म्हणजे ज्यांना बाजारात ड्वार्फ एंजल म्हणतात, ते साधारण आपल्या तळहाताएवढेच राहतात. फ्लेम एंजल, कोरल ब्युटी, बायकलर ही त्यांतली बाजारात नेहमी मिळणारी नावं. आकार लहान म्हणून लोक घरच्या टाकीसाठी हे निवडतात. पण अंगाने लहान म्हणून स्वभावाने गरीब असेल असं नाही.

हे मासे समुद्रात राहतात कसे, ते कळलं की भांडण का झालं ते कळतं. बुटका एंजल खडकाच्या कपारीत आपला एक इलाखा धरतो. दिवसभर खडकावरचं शेवाळ टिपत हिंडतो. म्हणजे तो खडक त्याचं घरही आहे आणि शेतही आहे. त्या इलाख्यात एक नर आणि त्याच्याबरोबर काही माद्या असतात. दुसरा नर आला की त्याला हाकलतात. समुद्रात हरलेला मासा दूर पळून जातो. टाकीत पळून जाणार कुठे? चार बाजूंना काच.

आणखी एक नवल ऐका. हे मासे जन्मतात ते सगळे माद्या म्हणून. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी आणि दांडगी मादी पुढे नर बनते. नर मेला, तर उरलेल्यांतली थोरली काही आठवड्यांत त्याची जागा घेते. वर्षभर एकटा राहिलेला आमचा मासा बहुधा नर झालेला असावा. आणि आम्ही आणलेला नवा मासा जवळजवळ त्याच मापाचा होता. त्याच्या दृष्टीने तो जोडीदार नव्हता, इलाख्यात शिरलेला वैरी होता.

मग नियम काय धरायचे?

पहिला नियम, घरच्या साध्या टाकीत बुटका एंजल एकच. तो एकटा राहिला म्हणून कुढत नाही. दोन-तीन ठेवायचेच असतील तर टाकी चारशे लिटरच्या पुढची हवी, खडकांत भरपूर कपारी हव्यात, मासे वेगवेगळ्या मापाचे हवेत आणि सगळे एकाच वेळी सोडायला हवेत. एवढं करूनही भांडण होणारच नाही अशी हमी कोणी देऊ नये.

दुसरा नियम, रंग वेगळा म्हणून भांडण टळेल असं समजू नका. फ्लेम एंजल आणि कोरल ब्युटी यांचं खाणं एक, राहणं एक, म्हणून त्यांचंही पटत नाही.

तिसरा नियम, एंजल सगळ्यांत शेवटी सोडायचा. क्लाउनफिश, गोबी, कार्डिनल, क्रोमिस यांच्याशी त्याचं सहसा जमतं. पण तेही आधी येऊन स्थिरावलेले असावेत. लायनफिश किंवा ट्रिगरसारखे मोठे, शिकारी मासे याच्याबरोबर नकोत.

चौथा नियम, टाकी जुनी हवी. नव्या, चकचकीत टाकीत त्याला टिपायला शेवाळच नसतं. खडकांवर हिरवट थर बसायला काही महिने जातात, तोवर थांबायचं.

सोडण्याची पद्धतही सांगते. नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, म्हणजे रोग असेल तर कळतो. मग मुख्य टाकीत भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात काही दिवस ठेवा. जुने मासे त्याला बघतात, पण इजा करू शकत नाहीत. डबा उघडायच्या दिवशी दोन-चार खडक इकडचे तिकडे हलवा, म्हणजे जुन्याचा इलाखाही मोडतो. दिवे बंद करून सोडा. आणि एंजलला जाळीने पकडू नका. त्याच्या गालाजवळ एक काटा असतो, तो जाळीत अडकतो. डब्यानेच उचला.

पाण्याचं थोडक्यात. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी आणून भरू नका, ते स्वच्छ नसतं. गाळलेल्या पाण्यात मत्स्यालयाचं मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, कालवून एक दिवस फिरवतात. टाकीतलं पाणी उडून कमी झालं तर वर गोडं पाणी घालायचं, खारं नाही. कारण उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. उष्णता २५ ते २७ अंश असावी. मे महिन्यात आपली खोली त्याच्या वर जाते, तेव्हा पाण्यावर पंखा लावावा लागतो. वीज गेली तर हवेची सोय आधीच हवी.

आता प्रवाळाचं. बुटका एंजल मांसल प्रवाळांना टोचे मारतो. एक मासा मारतो, त्याच जातीचा दुसरा मारत नाही. आधी सांगता येत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून कठीण प्रवाळांना संरक्षण आहे. समुद्रातून काढलेलं प्रवाळ किंवा समुद्री घोडा विकणं हा गुन्हा आहे. कोणी कितीही पैसे देऊ केले तरी गटाने त्यात पडू नये. टाकीत साधे दगड किंवा बनवलेले खडक लावले तरी एंजलचं काही अडत नाही.

गटाने धंदा म्हणून काय करावं? एंजलची पिल्लं फार बारीक असतात, त्यांना तेवढंच बारीक जिवंत खाणं लागतं, म्हणून ती वाढवणं अवघड. बाजारात येणारे बहुतेक बुटके एंजल समुद्रातूनच पकडलेले असतात. क्लाउनफिश मात्र टाकीत अंडी घालतो आणि पिल्लंही वाढतात. मुलुंडचा पूल ओलांडला की ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे अशा माशांच्या पैदाशीचं काम झालं आहे. गटाने एकदा जाऊन बघावं. आणि गंमत म्हणजे क्लाउनफिशमध्ये उलटं असतं. जन्मतात नर, आणि सगळ्यांत मोठा होतो मादी. त्यांच्या घरात कारभार तिचा.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासेपालनाला अनुदान आहे, महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

शेवटी आमच्या साडेतीन हजारांचं. बैठकीत एक जण म्हणाली, “जिने आणला तिने भरावे.” ती ताई काही बोलली नाही, पदराशी चाळा करत बसली. तिची महिन्याची बचत शंभर रुपये. मी ठराव वही उघडली. मासा आणायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, खाली पाचही सह्या होत्या. तोटा धंद्याच्या खात्यातून गेला. त्याच पानावर आम्ही नवा ठराव लिहिला. कोणताही मासा आणण्याआधी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायचे. टाकी किती लिटरची? टाकीला किती महिने झाले? आत आधीपासून कोण कोण आहे? उत्तरं वहीत लिहायची, मगच दुकानात जायचं.

त्या वहिनींकडचं काम आजही आमच्याकडेच आहे. फ्लेम एंजल एकटाच आहे, आणि मजेत आहे.