प्राणवायू चालू असूनही धाप का लागते?

“नळी लावली आहे, बोटावरचे यंत्र ९५ दाखवते, तरी वडिलांना धाप कशी? सिलिंडर तर रिकामा नाही ना?” हृदयविकाराच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारतात. आम्ही वाणिज्य शाखेचे; सिलिंडरचा हिशेब देऊ शकतो, श्वासाचा नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते देणगीदार व आप्तजनांसमोर ठेवीत आहोत.

धाप म्हणजे रक्तात प्राणवायू कमी, हा समज अपुरा आहे. त्यातील एक महत्त्वाचा दुवा शोधला तो डॉ. औतार सिंग पेंटल या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. १९२५ साली ब्रह्मदेशात जन्म, लखनौला वैद्यकीय शिक्षण, एडिंबरोला डॉक्टरेट. केसाहून बारीक असा एकेक मज्जातंतू सुटा करून त्यातून जाणारे विद्युत्‌संदेश नोंदविण्यात त्यांचा हातखंडा होता. मांजरांवरील अशा प्रयोगांतून १९५०च्या दशकात त्यांना फुप्फुसातील एक निराळी संवेदनाग्रे आढळली. ती वायुकोशांच्या भिंतीत, केशवाहिन्यांना लगटून असतात. म्हणून त्यांचे नाव ‘जे’ संवेदनाग्रे, म्हणजे ‘लगतची’.

हृदय दुबळे झाले की रक्त फुप्फुसात तुंबते आणि केशवाहिन्यांभोवती पाणी झिरपते. या ओलाव्याने ही संवेदनाग्रे चेतवली जातात व व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूकडे वर्दी धाडतात. मग श्वास जलद व उथळ होतो, जीव घाबरा होतो. धापेची कारणे अनेक. त्यांपैकी हे एक. प्राणवायूची नळी हे पाणी उपसत नाही. लघवी वाढविणारे इंजेक्शन ते कमी करते, म्हणून त्यानंतर रुग्णाला हायसे वाटते.

डॉ. पेंटल यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अध्यापन केले, १९६४ पासून वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालकपद सांभाळले आणि १९८१ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २००४ साली ते निवर्तले.

एक विनंती. “दमलेत, जरा आडवे झोपू द्या,” असा आग्रह आप्तजन मायेपोटी धरतात. आडवे होताच पायांकडील रक्त छातीत येते व फुप्फुसातील तुंब वाढते. परिचारिका पलंगाची डोक्याकडील बाजू खाली करू देत नाहीत, त्याचे कारण हे. हे पलंग देणगीतूनच आले आहेत.