थट्टा शैलीची आणि माणसाची

कविसंमेलनात एखादा मित्र आपल्याच कवितेचे विडंबन वाचतो. सभागृह खळखळून हसते, आपणही हसतो. पण घरी परतताना कुठेतरी काटा बोचत राहतो. हा अनुभव मी घेतला आहे. म्हणूनच राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या दोन कादंबरीकारांची, चार्ल्स डिकन्स आणि विल्यम मेकपीस थॅकरे यांची गोष्ट मला जवळची वाटते.

थॅकरेचा जन्म १८११ चा, कलकत्त्यातला. तरुणपणी त्याला चित्रकार व्हायचे होते. १८३६ मध्ये डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'चा चित्रकार मरण पावला, तेव्हा थॅकरे आपली चित्रे घेऊन डिकन्सकडे गेला. डिकन्सने त्याला ते काम दिले नाही. पुढे थॅकरेला नाव मिळाले ते लेखणीमुळे, आणि त्या लेखणीला थट्टेचे चांगलेच वळण होते.

१८४७ मध्ये 'पंच' या विनोदी साप्ताहिकात त्याने एक लेखमाला लिहिली. बक्षीसपात्र कादंबऱ्यांचे नमुने म्हणून त्याने त्या काळच्या नामवंतांच्या शैलींची हुबेहूब नक्कल केली. बुल्वर-लिटनला गुन्हेगारांच्या तोंडी उदात्त तत्त्वज्ञान घालण्याची हौस होती, म्हणून थॅकरेने किराणा दुकानातल्या खुनी पोराला प्लेटोची गोडी लावली! चार्ल्स लिव्हरच्या फौजी साहसकथांचीही त्याने फिरकी घेतली. डिझरायलीच्या वाट्याला मात्र वेगळे आले. त्याच्या भरजरी शैलीबरोबरच त्याच्या ज्यू वंशाचीही टर उडवली गेली. एखाद्याची वाक्ये हास्यास्पद ठरवणे वेगळे आणि त्याचा जन्म हास्यास्पद ठरवणे वेगळे, हे भान तिथे सुटले.

परतफेड झालीच. लिव्हरने आपल्या कादंबरीत थॅकरेचे व्यंगचित्र रंगवले. डिझरायली तर १८८० पर्यंत थांबला. दोनदा पंतप्रधानपद भोगून झाल्यावर त्याने 'एंडिमियन'मध्ये एक मत्सरी लेखक उभा केला. तो थॅकरेवरून बेतलेला आहे हे वाचकांनी ओळखले. थॅकरेला जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. बुल्वरची टवाळी केल्याचा मात्र थॅकरेला पुढे पश्चात्ताप झाला, आणि त्याने तसे बुल्वरला कळवलेही.

डिकन्स त्या लेखमालेत नव्हता, पण स्पर्धा होतीच. १८४७-४८ मध्ये दोघांच्या कादंबऱ्या एकाच प्रकाशकाकडून मासिक भागांत निघत होत्या. 'डोंबी अँड सन'चा भाग तीस हजारांवर खपे, 'व्हॅनिटी फेअर'चा पाचेक हजार.

खरी ठिणगी पडली १८५८ च्या जूनमध्ये. एडमंड येट्स या तरुण पत्रकाराने थॅकरेच्या रूपाविषयी आणि खरेपणाविषयी एक बोचरा लेख लिहिला. आयुष्यभर इतरांची थट्टा केलेला थॅकरे भडकला. येट्स आणि तो दोघेही गॅरिक क्लबचे सभासद होते. थॅकरेने क्लबकडे तक्रार केली आणि येट्सचे सभासदत्व गेले. डिकन्स येट्सच्या पाठीशी उभा राहिला. त्याच सुमारास डिकन्स पत्नीपासून विभक्त झाला होता, आणि त्यामागे एक अभिनेत्री असल्याचे थॅकरे बोलून गेला होता. ते डिकन्सच्या कानी आले होते. दोघांचे बोलणे थांबले, ते पाच वर्षे.

मला थॅकरेचा राग समजतो. येट्सने त्याच्या लेखनाला हात लावला असता, तर तो कदाचित हसला असता. इथे वार माणसावर झाला होता. पण डिझरायलीवर त्याने स्वतः तसाच वार केला होता, हे त्या रागात त्याला आठवले असेल का?

१८६३ च्या डिसेंबरात अथेनियम क्लबमध्ये दोघे समोरासमोर आले. हात पुढे झाले, अबोला संपला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २४ डिसेंबरला, थॅकरे बावन्नाव्या वर्षी वारला. त्याच्या दफनाच्या वेळी डिकन्स हजर होता. फेब्रुवारी १८६४ मध्ये, थॅकरेनेच पूर्वी संपादित केलेल्या 'कॉर्नहिल' मासिकात, डिकन्सने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यात त्याला आठवली ती पहिली भेट. आपल्या पहिल्या पुस्तकाची चित्रे काढू का, असे विचारायला आलेला तो तरुण.

पाच वर्षांचा अबोला टळला असता, तर आठवायला आणखीही काही उरले असते.