२००१चं पेजमेकर मराठी डीटीपीच्या दुकानांतून अजून का जात नाही?

लग्नपत्रिका किंवा स्मरणिका छापायला गेलात, तर डीटीपी ऑपरेटरच्या स्क्रीनवर आजही एक जुनं सॉफ्टवेअर दिसू शकतं: अ‍ॅडोबी पेजमेकर ७. ही आवृत्ती २००१ची. २००४मध्ये अ‍ॅडोबीने पेजमेकरचा विकास थांबवला आणि ग्राहकांना इनडिझाइनकडे वळायला सांगितलं. तरी अनेक छापखाने आणि छोटे प्रकाशक ते सोडायला तयार नाहीत.

याला आळस म्हणणं सोपं आहे. खरी अडचण फॉन्टमध्ये आहे.

फाइलमध्ये मराठी नसतंच

संगणकासाठी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. जुन्या फॉन्टमध्ये अशा जेमतेम अडीचशे जागा मिळायच्या आणि त्याही इंग्रजीच्या हिशेबाने ठरलेल्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम वापरताना याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले. काही फॉन्टमध्ये तर अर्धा ‘ण’ वेगळा आणि काना वेगळा. दोन्ही टाइप केले की पूर्ण ‘ण’ दिसतो. त्या काळात ही मोठीच सोय होती. खिळे जुळवण्याच्या कटकटीतून मराठी छपाई सुटली, त्यात या फॉन्टचा वाटा मोठा आहे.

पण डोळ्यांना मराठी दिसत असलं, तरी फाइलमध्ये साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. म्हणूनच तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की भलतंच काहीतरी उमटतं. पीडीएफ छान दिसते, पण तिच्यात शब्द शोधला तर सापडत नाही. ई-बुक करता येत नाही. दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर तेच निरर्थक वाचून दाखवतं.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे हा घोळ होत नाही. पेजमेकरला मात्र युनिकोड कळत नाही.

मग बदलत का नाहीत?

एक कारण फारसं बोललं जात नाही: बरीच वर्षं नवं सॉफ्टवेअर मराठीसाठी जुन्यापेक्षा वाईट होतं. इनडिझाइनमध्ये भारतीय भाषांची जोडाक्षरं नीट जोडण्याची अधिकृत सोय आली ती २०१२च्या सीएस६ आवृत्तीत. तोवर पेजमेकर न सोडणारा ऑपरेटर शहाणाच म्हणायचा. पुढच्याच वर्षी अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. हंगामी कामावर चालणाऱ्या दुकानाला दर महिन्याचा हा खर्च जड जातो. (अनेक ठिकाणची पेजमेकरची प्रतही विकत घेतलेली नसते, हे उघड गुपित आहे.) शिवाय वर्षानुवर्षं एकाच कीबोर्डवर बसलेला हात. नवी पद्धत शिकेपर्यंत कामाचा वेग कमी होतो आणि लग्नसराई थांबत नाही.

सगळ्यात मोठा अडसर म्हणजे जुन्या फाइल. सीएस६पर्यंतचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइल उघडू शकतं. त्यानंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणजे आज पैसे मोजून नवं सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रकाशकाला स्वतःचीच वीस वर्षांपूर्वीची पुस्तकं त्यात उघडता येणार नाहीत. मग कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक संगणक जपून ठेवला जातो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबलं, त्यामुळे तो इंटरनेटला न जोडलेलाच बरा. त्याची हार्ड डिस्क गेली आणि दुसरीकडे प्रत नसेल, तर उरतं फक्त छापील पुस्तक.

कन्व्हर्टरने काम भागतं का?

अर्धंच. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. श्रीलिपीचा तक्ता आयएसएमला चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा. रफाराचंही तसंच: ‘सूर्य’मधला ‘र’ जुन्या फाइलमध्ये ‘य’नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. मजकुरात मध्येच खरा इंग्रजी शब्द आला, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून त्याचा चुराडा करतो.

त्यामुळे बदललेलं पुस्तक पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासावं लागतं. मुद्रितशोधनाचा हा खर्च सगळ्या पुस्तकांसाठी एकदम झेपत नाही. पुनर्मुद्रणाला निघालेलं पुस्तक मात्र तसंही पुन्हा वाचलं जातं, त्यामुळे ते त्याच वेळी बदलून घेणं स्वस्त पडतं.