पाऊस वाढला की डोंगराकडेही बघा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमध्ये पाऊस जोरात आला की सगळ्यांच्या नजरा उल्हास नदीकडे लागतात. ते साहजिकच आहे. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस इथे कोण विसरेल? डोंगराकडे मात्र आपण सहलीच्या नजरेने पाहतो. पुराचे पाणी निदान पायरी-पायरीने वर चढताना दिसते. दरडीची तयारी डोंगराच्या पोटात होते.

हाजी मलंगचा डोंगर असो की माथेरानची रांग, हे सगळे लाव्हारसाचे थर आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते एकावर एक साचले. काळा पाषाण अभेद्य वाटतो, पण त्याला उभ्या भेगा असतात आणि काही थरांमध्ये लालसर, चिकट मातीचा पट्टा असतो. वरचा दगड ऊन-पावसाने झिजून त्याचा मुरूम आणि माती होते. तीव्र उतारावर हे सैल पांघरूण फक्त घर्षणाच्या जोरावर टिकून असते.

बांधकामाची रेती आठवा. किंचित ओली असली तर मुठीत लाडू वळतो. बादलीभर पाणी ओतले की तीच पसरते. डोंगरावरही असेच होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलते आणि वजनही वाढते. खाली कठीण दगड किंवा चिकट थर लागला की पाणी तिथेच अडते आणि वरचा थर घसरतो. म्हणूनच एका दिवसाच्या धो-धो पावसापेक्षा चार दिवस भिजलेल्या डोंगरावर पडलेला जोरदार पाऊस अधिक घातक.

इर्शाळवाडीत हेच झाले. खालापूर तालुक्यातली ही आदिवासी वाडी आपल्यापासून फार लांब नाही. १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. १९ तारखेच्या रात्री, लोक झोपायच्या वेळी, दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावच नव्हते! तेव्हा ‘आपला भाग यादीत नाही’ या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव असेच पहाटे-सकाळी गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. शहरही सुटलेले नाही. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरात घरांवर दरड पडून पाच जण दगावले. तिथे वस्ती डोंगराच्या कुशीतच आहे. घरासाठी उताराचा पायथा खोदला की वरच्या मातीचा आधार जातो. सांडपाणी उतारावर सोडले तर उन्हाळ्यातही माती ओली राहते.

अशा ठिकाणी आपले कुणी राहत असेल, किंवा पावसाळ्यात मलंगगडावर जियारतीला जाणार असाल, तर काही खुणा लक्षात ठेवा. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, दार अचानक घट्ट बसणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, वरून बारीक दगड घरंगळणे. यातले काही दिसले तर सामान आवरत बसू नका. मुले आणि वृद्धांना घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला सरका. ओढ्याच्या पात्राने खाली पळू नका, कारण दरडीचा चिखलही तीच वाट धरतो. मग ११२ वर कळवा. आणि पाऊस थांबला म्हणून त्याच रात्री परत झोपायला जाऊ नका. मुरलेले पाणी निघून जायला वेळ लागतो.