सातबारा कोणाच्या नावावर?

शाबानचे शेवटचे दिवस होते. शाळेतून नुकतीच घरी आले होते, तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "टीचर, आमचं दुकान गेलं." आवाज रडवेला. मला वाटले आग लागली, नाहीतर कोणी गाळा रिकामा करायला लावला. पण तिचा गाळा कधी नव्हताच. नेरळजवळच्या गावात ती, तिची सासू आणि मोठी जाऊ अशा तिघी घरातच मसाला, तांदळाच्या भाकरीचे पीठ आणि उन्हाळ्यात पापड करतात. दुकान म्हणजे त्यांची वेबसाइट. आखातात नोकरीला असलेली गावची मुले तिथून पैसे भरत आणि इथे आईवडिलांकडे पाकिटे पोहोचत. रमजानसाठी लेबले छापून तयार होती. आणि लेबलवरचा पत्ता उघडला, तर "हे नाव विक्रीसाठी आहे" असा इंग्रजी फलक!

फसवले कोणी नव्हते. तीन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने हौसेने वेबसाइट करून दिली होती. नाव त्यानेच नोंदवले, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने. पुढे तो परदेशी गेला, जुना ईमेल त्याने सोडून दिला, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. तिघींना एकही सूचना मिळाली नाही, कारण नोंदणीत त्या तिघी कुठे नव्हत्याच.

डोमेन नेम म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, अमुक डॉट कॉम किंवा तमुक डॉट इन. ते विकत घेतले असे आपण म्हणतो, पण ते भाडेपट्ट्याने मिळते, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. डॉट कॉमची मुदत संपली की सहसा काही दिवस सवलतीचे, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवून घेण्याचे, त्यानंतर ५ दिवसांनी नाव मोकळे. मोकळ्या होणाऱ्या नावांवर डोळा ठेवून बसलेली माणसे जगभर आहेत. चालते नाव उचलायचे आणि जुन्या मालकालाच दसपट भावाने विकायचे, हा त्यांचा धंदा. या तिघींना सांगितलेला भाव त्यांच्या रमजानच्या कमाईपेक्षा मोठा होता.

"नवीन नावच घेऊ," मी म्हटले.

"मग टीचर, तुम्हीच सुचवा. आमच्या नावांची स्पेलिंगं तुम्हीच दुरुस्त करायचात ना!"

ही मात्र खरी गोष्ट. हजेरीपटात शेख हे आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी येते आणि एकाच घरातल्या दोन भावांचे मोहम्मद वेगवेगळे लिहिलेले असते. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. यापायी किती पालकांनी तहसील कचेरीचे खेटे घातले, ते मला माहीत आहे. आपले शब्द इंग्रजी अक्षरांत बसवण्याची अडचण आजची नाही. १८५६ मध्ये आपल्या खोपोलीपर्यंत रेल्वे आली, तेव्हा साहेबाने गावाचे नाव 'कॅम्पूली' असे लिहिले होते! रेल्वेचे चालून गेले. रुळावरून गाडी दुसरीकडे कुठे जाणार? वेबसाइटचे तसे नाही. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की गिऱ्हाईक दुसऱ्याच दारात.

तिच्या मनात पहिले नाव होते 'ज़ायका'. शब्द सुरेख, आपल्या घरातला. मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात तो नुसता तोंडाने सांगितला आणि इंग्रजीत लिहायला लावला. उर्दूचीच मुले, तरी फळ्यावर सहा निरनिराळी स्पेलिंगे जमली. कोणी झेडने सुरुवात केली, कोणी जे लावला, कोणी मध्ये वाय, कोणी आय, एकाने शेवटी दोन ए. उर्दूत ज़ाल आणि जीम ही वेगळी अक्षरे, शिवाय 'ज़ायका'तला क़ाफ वेगळा. मराठी छपाईत मात्र नुक्ता बहुधा गळतो, आणि 'जेवण'मधला ज व 'जमीन'मधला ज एकाच चिन्हाने भागतो. मग परक्या गिऱ्हाइकाने नेमके कोणते अक्षर धरावे? 'खुशबू'चे तेच, 'नेमत'चे तेच. शिवाय असे सुंदर सर्वमान्य शब्द आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेले असतात.

दुसरे नाव सासूबाईंचे: 'बिस्मिल्लाह'. यावर घरात बराच वेळ बोलणे झाले. नीयत चांगली, पण ते नाव पाकिटावर छापणार, पाकीट फाडून लोक कचऱ्यात टाकणार. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "नको ग, पायाखाली येईल." कायद्याचीही एक बाजू आहे. धार्मिक भावना दुखावतील असे चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, असे १९९९ चा कायदा सांगतो. २०१५ मध्ये पाटण्याच्या एका अगरबत्ती व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 'रामायण' या पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्या कोणाला मक्तेदारी सांगता येणार नाही. म्हणजे जे नाव सगळ्यांचे, ते राखायला आपल्या हातात काहीच नाही.

तिसरे, 'कर्जत मसाला'. कर्जतचा वडा प्रसिद्ध, तांदूळ प्रसिद्ध, मग मसाला का नको? पण महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत, एक आपले रायगडातले आणि दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले. पिनकोड ४१०२०१ नीट लिहिला नाही, तर पार्सले घाट चढून तिकडे जातात. आमच्या शाळेची पुस्तकेही एकदा तशीच फिरून आली होती. आणि कर्जतला मसाला करणारा कोणीही स्वतःला 'कर्जत मसाला' म्हणवू शकतो. कर्जत-मुरबाड रस्त्यावरून जाताना पाहा, फार्महाउसच्या पाट्यांवर ग्रीन, व्हॅली, रिव्हर हे तीनच शब्द उलटसुलट लावलेले. शनिवारी मुंबईची गाडी एका व्हॅलीऐवजी दुसऱ्या व्हॅलीत शिरते आणि मालक फोनवर ओरडत बसतो.

मग नाव असावे कसे? मला दोन घरची नावे आठवली. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. कंपनीचे नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. त्यातलीच अक्षरे उचलून पुढे झाले 'विप्रो'. मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' स्थापली, तिची झाली 'सिप्ला'. दोन्ही नावांत इंग्रजी अक्षरे पाचच. दोन्हींना शब्दकोशात अर्थ नाही, म्हणूनच ती दुसऱ्या कोणाची नव्हती. इंटरनेट यायच्या आधी बेतलेली ही नावे पत्त्यात जशीच्या तशी बसली. अर्थ त्यांना कामाने आला. नाव गोड असावे, अर्थपूर्ण असावे हे बाळाच्या नावाला ठीक. धंद्याचे नाव आधी एकट्याचे असावे, आणि एकदा ऐकून लिहिता यावे.

एकट्याचे असणे म्हणजे कोणाच्या सावलीत नसणेही. आपल्या घराघरांत इफ्तारला ज्याची बाटली निघते त्या 'रूह अफ़ज़ा'चे उदाहरण घ्या. हमदर्दचे हे सरबत १९०७ पासूनचे. 'दिल अफ़ज़ा' नावाचे दुसरे सरबत निघाले, तेव्हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये खंडपीठाने दिल अफ़ज़ाच्या विक्रीला मनाई केली. मुंबईच्या 'रेडिफ'ने तर १९९९ मध्येच 'रॅडिफ' नावाच्या वेबसाइटविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयातून मनाई मिळवली होती. फरक इंग्रजीतल्या एका अक्षराचा, ईच्या जागी ए. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी'च्या खटल्यात म्हटले की डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखे संरक्षण त्यालाही मिळू शकते. तेव्हा प्रसिद्ध नावाला थोडा मुरका देऊन नाव काढण्याची हुशारी महागात पडते. आणि आपले नाव खरोखर आपले असेल, तर मागे कायदा उभा आहे. सरकारी ट्रेडमार्क संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. मसाले ३० व्या वर्गात येतात, आणि एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे.

देवनागरीत पत्ता का नाही, असे जाऊबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. 'डॉट भारत' २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झाले आहे, त्यात मराठीही येते. पुढे उर्दू लिपीतही सोय झाली. पण देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहे, 'खुशबु' आणि 'खुशबू' हे दोन वेगळे पत्ते. शिवाय अशा पत्त्यावरचा ईमेल सगळीकडे स्वीकारला जात नाही. मी म्हटले, जोडीला जरूर घ्या, पण एकट्यावर विसंबू नका. तेच डॉट कॉम आणि डॉट इनचे: दोन्ही मोकळे असतील तर दोन्ही घ्यावेत. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारे नाव दुसऱ्या वर्षी कितीला पडते, ते आधी पाहावे. मध्ये आडवी रेघ आणि आकडे नकोत. गावातल्या नानीला फोनवर "मध्ये एक आडवी रेघ" सांगून पाहा, म्हणजे कळेल.

शेवटी तिघींनी मिळून नाव जुळवले. सासूबाईंच्या माहेरच्या हाकेतली दोन अक्षरे आणि मसाला कुटायच्या आवाजातले एक. इथे छापत नाही, ट्रेडमार्कचा अर्ज अजून पडून आहे. इंग्रजीत सहा अक्षरे. मी ते पुन्हा नववीत नेले. एक मुलगा सोडून सगळ्यांनी सारखेच लिहिले. तो मुलगा 'पाणी'सुद्धा दोन तऱ्हांनी लिहितो, त्याला धरायचे नाही असे ठरले.

नोंदणीला बसलो तेव्हा रविवार होता. सासरे खुर्चीत, दीर लॅपटॉपवर. फॉर्ममध्ये मालकाचे नाव आले तसे दिराने सवयीने स्वतःचे नाव टाकायला सुरुवात केली. वाईट हेतू नव्हता. घरातल्या गॅसपासून विजेपर्यंत सगळे कागद त्याच्याच नावावर. सासूबाई चष्मा सावरत पुढे आल्या. "हे काय लिहितोस?"

"मालक कोण ते विचारतायत, अम्मी."

"म्हणजे सातबारा?"

दीर हसला, पण सासरे हसले नाहीत. आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात सातबारा हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यालगतच्या जमिनी गेल्या, बंगले उठले, पैसे वाटले गेले. पैसे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, ते उताऱ्यावरच्या नावाने ठरले. ज्या बहिणींनी तिथे जन्मभर भात लावला, त्यांतल्या कितीतरींची नावे उताऱ्यावर कधी चढलीच नव्हती. सासूबाईंच्या माहेरी काय झाले, ते त्या घरात सगळ्यांना माहीत होते.

"होय," सासरे म्हणाले, "सातबाराच."

नाव सुनेचे घातले. ईमेल नवा काढला, धंद्याचा, आणि त्याचा पासवर्ड जाऊबाईंच्या वहीतही लिहून ठेवला. ओटीपी सुनेच्या फोनवर आला. पैसे तिघींच्या खात्यातून गेले, पाच वर्षांचे एकदम. मुदतीची तारीख सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागे पेनाने लिहायला लावली. कालनिर्णय दरवर्षी बदलते हे सुनेने सांगितले, तेव्हा त्यांनी ती मसाल्याच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून घेतली.

जुन्या लेबलांवर तिघींनी तरावीहनंतर बसून नव्या पत्त्याच्या चिकटपट्ट्या लावल्या. एक बंडल मीही लावले. बोटांना दोन दिवस डिंकाचा आणि मिरचीचा वास होता.