धारचा शिलापाठ आणि साष्टीची शाळा

मुलाच्या हाती सर्वांत आधी काय द्यावे, हा प्रश्न प्रत्येक काळातील शिक्षकापुढे उभा राहिलेला आहे. धार येथे त्याचे एक उत्तर दगडावर कोरलेले आढळते. भोजशाळा आणि कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तेथील वास्तूत दोन सर्पाकृती लेख आहेत. एका नागाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला व मुख्य प्रत्यय बसविले आहेत. दुसऱ्यात क्रियापदांच्या दहा लकारांचे प्रत्यय आहेत. उदयादित्य व नरवर्मा या परमार राजांच्या नावांशी ते निगडित असल्याने त्यांचा काळ ११ व्या-१२ व्या शतकाचा ठरतो. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ च्या सुमारास या वास्तूतील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. आधी वर्ण, मग प्रत्यय, मग काव्य आणि शास्त्र, हा विद्येचा जुना क्रम त्या दगडांवर स्पष्ट वाचता येतो.

युरोपातील कॅथलिक शाळाही याच क्रमावर उभ्या होत्या. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्या शिक्षणाची तीन अंगे होत. जेझुइट संघाने १५९९ मध्ये आपल्या विद्यालयांसाठी जी अध्ययनपद्धती निश्चित केली, तीत खालचे तीन वर्ग केवळ व्याकरणाचे होते. त्यानंतर काव्याचा आणि शेवटी वक्तृत्वाचा वर्ग येई. रोज पाठांतर म्हणून दाखवावे, शनिवारी साऱ्या आठवड्याची उजळणी करावी, असा दंडक असे. दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. मुलाला अर्थ पुरता उमगण्यापूर्वीच उत्तम शब्द त्याच्या जिभेवर बसावेत, हा दोन्हींमागील विचार एकच आहे.

हे शिक्षण पश्चिम किनाऱ्यावर आले ते गोव्यात. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर तेथे उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना जमवीत आणि धर्मपाठ मुखोद्गत करून घेत. पुढे सेंट पॉल महाविद्यालयात लॅटिन शिकविले जाऊ लागले, तर गावोगावच्या चर्चशाळांत धर्मपाठ, वाचन-लेखन आणि गायन यांचे धडे मिळू लागले. परंतु या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. राज्यकर्त्यांनी जुने ग्रंथ निषिद्ध ठरविले होते आणि नवे ग्रंथ लोकांच्या भाषेत नव्हते. पाठ तोंडी होता, पण घरी ऐकावे, गावे असे काहीच उरले नव्हते.

ही उणीव ज्यांनी ओळखली ते फादर टॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि साष्टी प्रांतात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक बोलका प्रसंग आहे. रविवारी मुलांचा धर्मपाठ चालू असता नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, की पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरी पुराणे का रचीत नाही? शिक्षकाला विचारलेला हा प्रश्न साधा नव्हे. जे काढून घेतले त्याचा तो हिशेब होता.

स्टीफन्स यांनी त्याचे उत्तर स्वतः विद्यार्थी होऊन दिले. ते मराठी शिकले, पुराणांची घडण शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. लहान मुलांसाठी गुरुशिष्य-संवादाच्या रूपात मुळात पोर्तुगीज भाषेत रचलेला धर्मपाठ त्यांनी कोंकणीत आणला. तो १६२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० मध्ये निघाले. वर्ण, व्याकरण, काव्य हा जुना क्रम असा लोकभाषेत उतरला. पुराण पिढ्यान्‌पिढ्या घरांत आणि चर्चमध्ये गाइले गेले.

पुढे वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. १७५९ मध्ये जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलुखातून बाहेर पडावे लागले. तथापि हुकुमाने भाषा मेली नाही. ‘क्रिस्तपुराणा’च्या हस्तलिखित प्रती कुटुंबांनी जपल्या, १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये देवनागरीत आले.

धार आणि देवास येथे अठराव्या शतकात पवारांबरोबर मराठी आली. तेथील मराठी घरांतील मुले आज हिंदी वा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. त्या शाळांना दोष देण्याचे प्रयोजन नाही. परकी भाषाही व्याकरणाच्या शिस्तीने शिकणे हिताचेच असते. परंतु शाळा व्याकरण देईल. पुराण घरानेच दिले पाहिजे. रोज संध्याकाळी चार ओव्या मुलाच्या कानी पडल्या, तर साष्टीतील त्या गृहस्थाने विचारलेला प्रश्न या घरांत कोणाला विचारावा लागणार नाही.